सरळ हँडल काढून पुन्हा ड्रॉप हँडल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे स्टीलच्या फ्रेमची जुनी रोड सायकल आहे. आधीच्या मालकाने ड्रॉप हँडल (दोन्ही टोकं पुढे जाऊन खाली वळलेलं) काढून सरळ हँडल बसवलं होतं. मागे ८ स्पीडची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) आहे, पुढे पेडलपाशी दोन चेनरिंग (दातेरी चकत्या) आणि दोन्ही चाकांना कॅलिपर ब्रेक (चाकाच्या वर एका बोल्टने बसणारे). मला पुन्हा ड्रॉप हँडल लावायचं आहे, पण खर्च बेताचा हवा. काय काय बदलावं लागेल आणि काटकसर कुठे करता येईल?

उत्तर : या कामात हँडल बऱ्याच स्वस्तात मिळतं, आणि बहुतेक जण नेमकं तेच आधी घेऊन मोकळे होतात. खरा खर्च ब्रेक लिव्हर आणि शिफ्टरचा (गिअर बदलायच्या खटक्यांचा) आहे. सरळ हँडलची पकडीच्या जागची जाडी २२.२ मिमी असते, ड्रॉप हँडलची २३.८ मिमी. फरक दीड मिमीच्या आसपासचा, पण तेवढ्यामुळे तुमचे आत्ताचे लिव्हर आणि शिफ्टर नव्या हँडलवर चढणार नाहीत. कोणते लिव्हर चालतील हे तुमचे ब्रेक ठरवतात, कोणते शिफ्टर चालतील हे मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ठरवतो. म्हणून आधी या दोन गोष्टी नीट पाहून घ्या, हँडल सगळ्यात शेवटी घ्या.

तुमचं काम त्यातल्या त्यात सोपं आहे. फ्रेम मुळात ड्रॉप हँडलसाठीच बनलेली आहे, आणि कॅलिपर ब्रेकला साधे रोड लिव्हर जुळतात. कॅलिपर, दोन्ही डिरेलर, कॅसेट, चेन, क्रँक यातलं काहीही बदलू नका. नवीन लागेल ते एवढंच : लिव्हर, शिफ्टर, हँडल, बहुधा स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा), सगळ्या केबल (आतल्या तारा आणि त्यांवरची नळी, म्हणजे आउटर, दोन्ही) आणि हँडल टेप.

लिव्हर-शिफ्टरचे दोन मार्ग आहेत. पहिला, ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असलेली जोडी. ८ स्पीडसाठी शिमानोची क्लॅरिस किंवा मायक्रोशिफ्टची शिमानोशी जुळणारी ८ स्पीडची जोडी पुरेशी आहे. त्याहून महाग मालिका घेऊन ८ स्पीडच्या सायकलीला काही फायदा होत नाही, कारण त्या ९, १० किंवा त्याहून जास्त स्पीडच्या असतात. दुसरा मार्ग म्हणजे साधे ब्रेक लिव्हर आणि वेगळे शिफ्टर. हे शिफ्टर हँडलच्या टोकात बसणारे (बार-एंड) असतात किंवा खालच्या नळीवर बसणारे. तुमच्या फ्रेमच्या खालच्या नळीला दोन्ही बाजूंना पक्के बसवलेले छोटे खुंट आहेत का ते पाहा. सरळ हँडल लावताना त्यांच्यावर बहुधा केबल अडवणारी टोपी बसवलेली असते, त्यामुळे ते चटकन लक्षात येत नाहीत. खुंट असतील तर त्यांच्यावर बसणारे शिफ्टर हा सगळ्यात स्वस्त पर्याय आहे. गिअर बदलताना एक हात हँडलवरून काढावा लागतो, आणि गर्दीच्या रस्त्यावर ते अडचणीचं ठरतं. तिथे रोज चालवत असाल तर बार-एंड घ्या.

खर्च खरोखरच बेताचा असेल तर आमचा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. साध्या लिव्हरमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. शिवाय बार-एंडचा डावा शिफ्टर सहसा टप्प्यांचा नसून घर्षणावर चालणारा असतो, त्यामुळे पुढचा डिरेलर कोणताही असला तरी चालतो.

आता स्टेम. रोड सायकलीला सरळ हँडल लावलं की हात मागे येतात, म्हणून त्या वेळी बरेचदा लांब स्टेम घातला जातो. त्याच स्टेमवर ड्रॉप हँडल लावलं तर हात एकदम पुढे जातील आणि मान आखडेल. फोर्कच्या नळीच्या मध्यापासून हँडल पकडणाऱ्या गोलाच्या मध्यापर्यंतची लांबी मोजा. ११० किंवा १२० मिमी भरली तर आखूड स्टेमची तयारी ठेवा.

प्रश्न : स्टेम जुन्या पद्धतीचा, फोर्कमध्ये आत जाणारा आहे. हँडल पकडायला एकच बोल्ट. यात नवीन ड्रॉप हँडल बसेल का?

उत्तर : दोन अडचणी येतील. पहिली जाडीची. स्टेममध्ये हँडलच्या मधल्या भागाच्या तीन जाड्या नेहमी दिसतात : २५.४, २६.० आणि ३१.८ मिमी. आजची बहुतेक ड्रॉप हँडल ३१.८ ची असतात, आणि एकबोल्टी जुने स्टेम २५.४ किंवा २६.० चे. २५.४ आणि २६.० मध्ये ०.६ मिमीचाच फरक आहे, म्हणून ‘आवळलं की बसेल’ असा सल्ला मिळतो. तो मानू नका. २६.० च्या स्टेममध्ये २५.४ चं हँडल कितीही आवळलं तरी खड्ड्यात किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर खाली फिरू शकतं. व्हर्निअर कॅलिपरने मोजा, डोळ्यांवर विसंबू नका.

दुसरी अडचण वळणाची. पुढची झाकणी सुटी होत नसेल तर हँडल एका टोकाकडून सगळी वळणं पार करत आत ओवावं लागतं. सरळ हँडलसाठी बनलेल्या स्टेमचा पकडीचा भाग रुंद असेल तर ड्रॉप हँडल वळणावरच अडकतं.

दोन्हींवर एकच उतारा आहे : जुन्या फोर्कमध्ये बसणारा अडॅप्टर. त्याची खालची बाजू २२.२ मिमीची (१ इंची फोर्कसाठी) आणि वर आलेली दांडी २८.६ मिमीची असते. त्यावर चार बोल्टांची झाकणी असलेला आजचा कोणताही साधा स्टेम बसतो. पुढे लांबी जमली नाही तर फक्त स्टेम बदलायचा, टेप आणि लिव्हर सोडायची गरज नाही. अडॅप्टरला ग्रीस लावूनच आत घाला, नाहीतर अॅल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना धरून बसतात आणि काही वर्षांनी निघत नाहीत. कमीत कमी किती आत जायला हवा याची रेघ त्यावर कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसता कामा नये.

प्रश्न : माझी हायब्रिड (रोड आणि माउंटनच्या मधली, सरळ हँडलची सायकल) आहे, व्ही-ब्रेकची. दुकानदार म्हणतो, कोणतेही रोड लिव्हर लावा, ब्रेक लागेल. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. या एका बाबतीत चालढकल करू नका.

व्ही-ब्रेकमध्ये चाकाच्या दोन्ही बाजूंना खुंटांवर फिरणारे दोन हात असतात. ते लांब असतात, खुंटापासून तारेपर्यंत साधारण १०० मिमी किंवा थोडे जास्त. हात लांब म्हणून जोर चांगला मिळतो, पण पॅड रिमपर्यंत आणायला तारही जास्त ओढावी लागते. कॅलिपर आणि कँटिलिव्हर (आखूड हातांचा जुना प्रकार) ब्रेकला लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट. साधा रोड लिव्हर तेवढी तार ओढतच नाही. तो दाबत गेलात तर हँडलला टेकतो, आणि पॅड तेव्हा कुठे रिमला लागायला सुरुवात करतात. पॅड रिमच्या अगदी जवळ आणून ठेवले तर जागेवर उभं राहून ब्रेक कडक वाटतो. दुकानात तो ‘चालतो’ असं दिसतं ते यामुळे. पुढे रिम जराशी वाकडी झाली की पॅड घासायला लागतात. ते घासू नयेत म्हणून तार सैल केली की लिव्हर पुन्हा हँडलला टेकतो. पावसात पॅड झिजले की तेच.

उलट चूकही होते. व्ही-ब्रेकचा लिव्हर कॅलिपरला लावला तर दाबताना तो दगडासारखा घट्ट लागतो, म्हणून ब्रेक दमदार आहे असं वाटतं. प्रत्यक्षात पॅडवरचा जोर निम्म्यावर आलेला असतो.

तुमच्यासमोर तीन रस्ते आहेत. एक, व्ही-ब्रेक तसेच ठेवून जास्त तार ओढणारे ड्रॉप लिव्हर घ्यायचे. टेक्ट्रोचे आरएल ५२० त्यासाठीच बनवलेले आहेत. त्यांत शिफ्टर नसतो, त्यामुळे गिअरसाठी बार-एंड घ्यावे लागतात. आमच्या मते हायब्रिडसाठी हाच सर्वांत चांगला आणि स्वस्त मेळ आहे. दोन, ब्रेक-शिफ्टर एकत्र असलेले लिव्हरच हवे असतील तर आखूड हातांचे ‘मिनी व्ही’ ब्रेक लावायचे. त्यांचे हात ८० ते ९० मिमीचे असतात आणि ते त्याच खुंटांवर बसतात. ८० च्या जवळचे घेतलेत तर लिव्हरशी मेळ चांगला बसतो, पण टायरवर जागा कमी उरते. जाड टायर किंवा मडगार्ड असेल तर आधी रिमपासून टायरच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. चाक काढताना ब्रेक पुरेसा उघडत नाही ही तक्रारही यातच येते. आउटरच्या मध्ये बसणारा, तार ताणायचा-सैल करायचा अॅडजस्टर लावला की ती कमी होते. तीन, तारेच्या वाटेत छोटी कप्पी लावून ओढ दुप्पट करायची. चालतं, पण कप्पीवरून जाणारी तार तीव्र वळण घेते आणि तिथेच तिचे पदर तुटू लागतात. त्या तारेवर नियमित लक्ष ठेवणं जमणार नसेल तर हा मार्ग सोडा.

केबलवरचे डिस्क ब्रेक असतील तरी प्रश्न हाच आहे. एव्हिडच्या बीबी ७ सारख्या कॅलिपरच्या रोड आणि माउंटन अशा दोन वेगळ्या आवृत्त्या असतात. माउंटन आवृत्तीला रोड लिव्हर जुळत नाही.

प्रश्न : आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर?

उत्तर : तर स्वस्त मार्ग उरत नाही. सरळ हँडलचे हायड्रॉलिक लिव्हर ड्रॉप हँडलवर बसत नाहीत, आणि ड्रॉपसाठीचे हायड्रॉलिक ब्रेक-शिफ्टर महाग असतात. हायड्रॉलिक काढून रोड ओढीचे केबल डिस्क कॅलिपर लावता येतात. रोटर आणि चाकं तीच राहतात, पण कॅलिपर तुमच्या फ्रेमच्या माउंटला जुळणारा हवा. तो हिशेब आधी करा आणि बेरीज पाहून मगच निर्णय घ्या.

प्रश्न : मागे ९ स्पीडचा शिमानोचा माउंटन डिरेलर आहे, पुढे तीन चेनरिंग. रोडचे ९ स्पीडचे लिव्हर घेतले तर डिरेलरही बदलावा लागेल का?

उत्तर : मागचा नाही. शिमानोच्या ७, ८ आणि ९ स्पीडमध्ये रोड आणि माउंटन डिरेलर तारेच्या ओढीला सारखंच उत्तर देतात : १ मिमी तार ओढली की डिरेलर सुमारे १.७ मिमी सरकतो. (जुनी ८ स्पीडची ड्युरा-एस हा अपवाद.) म्हणून सोराचे ९ स्पीडचे लिव्हर आणि तुमचा माउंटन डिरेलर बिनतक्रार जुळतील. हीच सोय १० स्पीडपासून संपते. शिमानोचे १० स्पीडचे माउंटन डिरेलर वेगळ्या ओढीचे आहेत. त्यांना रोडचे १० स्पीड शिफ्टर लावले तर दोन-तीन गिअर नीट पडतात आणि बाकीच्या वेळी चेन दोन चकत्यांच्या मध्ये अडकते. तार कितीही ताणली-सैल केली तरी ते सुटत नाही. स्रॅमचे ९ स्पीडचे एक्स मालिकेतले डिरेलरही शिमानोच्या शिफ्टरशी जुळत नाहीत. जुना माल घेताना डिरेलरच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुढच्या डिरेलरची गोष्ट वेगळी. रोड आणि माउंटनचे पुढचे डिरेलर वेगवेगळी ओढ मागतात. रोडचा डावा लिव्हर तुमच्या माउंटन डिरेलरला लावला तर मधल्या चेनरिंगवर चेन घासत राहील किंवा मोठ्यावर चढणारच नाही. डिरेलर बदलून रोडचा लावावा म्हटलं तर त्याचा पिंजरा ५० दात्यांच्या आसपासच्या चेनरिंगच्या गोलाईचा असतो, तो ४२-४४ दात्यांवर नीट बसत नाही. त्यामुळे डाव्या हाताला घर्षणावर चालणारा शिफ्टर लावा, तो सगळ्यांशी जुळतो. किंवा पुढे एकच चेनरिंग ठेवून डिरेलर, त्याची तार आणि डावा शिफ्टर, सगळंच काढून टाका. चेन सुटू नये म्हणून आलटून-पालटून जाड-बारीक दाते असलेली चेनरिंग घ्या. चढाचा रस्ता नसेल तर हा उपाय सुटसुटीत आहे. चढ असेल तर तिन्ही चेनरिंग राहू द्या.

प्रश्न : मागे ७ स्पीडचं फ्रीव्हील (चाकाच्या हबवर आट्यांनी आवळलेला चकत्यांचा संच) आहे. ७ स्पीडचे ड्रॉप लिव्हर मिळतात का?

उत्तर : शिमानोच्या टूर्नी मालिकेत ए०७० नावाचे आहेत. गिअर एका दिशेला लिव्हरने आणि दुसऱ्या दिशेला अंगठ्याजवळच्या बटणाने बदलतो. ते बटण वरून पकडलं असतानाच हाताला येतं, खालच्या वळणावर हात असताना नाही. ८ स्पीडचे लिव्हरही चालवता येतात. ७ स्पीडमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर सुमारे ५.० मिमी असतं, ८ मध्ये ४.८. सहा टप्प्यांत मिळून १.२ मिमीची तफावत पडते. मधल्या गिअरवर जुळवणी केली की ती दोन्हीकडे ०.६ अशी वाटली जाते आणि सहसा खपून जाते. एक टिचकी रिकामी राहील, ती डिरेलर किती सरकेल हे ठरवणाऱ्या मर्यादा स्क्रूने अडवा. पुढेमागे चाक बदलून ८ स्पीडला जायचा विचार असेल तर आजच ८ चे लिव्हर घ्या.

प्रश्न : कोणते भाग वापरलेले घ्यावेत?

उत्तर : बार-एंड आणि खालच्या नळीचे शिफ्टर, साधे ब्रेक लिव्हर, स्टीलचे स्टेम हे निर्धास्त घ्या. ब्रेक-शिफ्टर एकत्र असलेले लिव्हर वापरलेले घेताना हातात घेऊन पाहा. आत तार नसताना लिव्हर सगळ्या टिचक्या चढतो आणि सगळ्या उतरतो का ते मोजा. टिचकी न देता लिव्हर नुसता सरकत असेल तर बहुतेक वेळा आतलं ग्रीस वाळलेलं असतं. पातळ तेल मारून पुन्हापुन्हा दाबल्यावर जाग येते, पण विकणाऱ्याने ते आधी करून दाखवावं.

अॅल्युमिनियमचं हँडल मात्र नवीनच घ्या. ते वाकून इशारा देत नाही, थकलं की तुटतं, आणि बहुधा स्टेमच्या कडेपाशी. वापरलेल्या हँडलवर आधी किती ताण पडला, सायकल कितीदा पडली, हे वरून कळत नाही. केबल आणि ब्रेक पॅडही नवीनच हवेत.

प्रश्न : हायब्रिडला ड्रॉप हँडल लावलं, आता फार ताणून बसावं लागतं. हँडल वर केलं तरी फरक नाही.

उत्तर : ताण उंचीचा नाही, लांबीचा आहे. सरळ हँडलसाठीच्या फ्रेमची वरची नळी लांब असते. ड्रॉप हँडलवर लिव्हरच्या माथ्यावर हात ठेवले की ते आधीच्या जागेपेक्षा साधारण ८ ते १० सेंमी पुढे जातात. स्टेम ३० ते ५० मिमीने आखूड करा आणि कमी पुढे येणारं हँडल निवडा. आजच्या ‘कॉम्पॅक्ट’ हँडलचा पुढचा पल्ला ७० ते ८० मिमी आणि खोली १२५ मिमीच्या आसपास असते. जुन्या धर्तीच्या खोल हँडलचा पल्ला ९० ते १०० मिमी असतो, ते हायब्रिडवर लावू नका. सीट पुढे ढकलून ही लांबी भरून काढू नका, गुडघ्यांची जागा बिघडते. ५० मिमीच्या स्टेमनेही भागत नसेल तर ती फ्रेम या हँडलसाठी मोठी आहे, आणि त्यावर आणखी खर्च करू नये असं आम्ही स्पष्टच सांगू.

प्रश्न : घरी बसवताना क्रम काय ठेवावा? केबल आणि टेपमध्ये काय काळजी घ्यावी?

उत्तर : जुनं काढण्याआधी दोन्ही डिरेलर सगळ्यात लहान चकतीवर आणा, म्हणजे तारा सैल होतील. हँडल स्टेममध्ये मध्यावर धरा आणि चारही बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. झाकणीच्या वर-खाली सारखी फट राहिली पाहिजे. किती आवळायचं ते स्टेमवर छापलेलं असतं, साधारण ५-६ न्यूटन-मीटर. लिव्हर सरकवा, हँडलची वरची बाजू आणि लिव्हरचा माथा एका सपाट रेषेत येईल असे ठेवा. टेप न लावताच एक छोटी फेरी मारा. लिव्हर वर-खाली करायचे असतील तर ते आत्ताच.

गिअरचं आणि ब्रेकचं आउटर अदलाबदल करू नका. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ते गिअरला लावलं तर दाबलं जातं आणि टिचक्या चुकतात. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीत सरळ असतात. ते ब्रेकला लावलं तर जोरात दाबल्यावर फुटू शकतं, म्हणजे ऐन वेळी ब्रेकच जातो. ब्रेकच्या तारेचं टोकही पाहून घ्या : ड्रॉप लिव्हरला नासपतीच्या आकाराचं लागतं, सरळ हँडलच्या लिव्हरला आडव्या पिंपासारखं.

आउटर कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि आतली प्लॅस्टिकची नळी सुईने पुन्हा गोल उघडा. हे न केल्यामुळे नव्या केबलवरही गिअर जड पडतात. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, केबल कुठे ताणली जाता कामा नये. सरळ हँडलच्या लिव्हरवर तार ताणायचा स्क्रू असतो, ड्रॉप लिव्हरवर तो सहसा नसतो. कॅलिपरवर किंवा फ्रेमवर तो नसेल तर आउटरच्या मध्ये बसणारा अॅडजस्टर लावा. खालच्या नळीच्या खुंटांवर अॅडजस्टरसह केबल स्टॉप मिळतात, एकत्रित लिव्हर घेणाऱ्यांनी ते घ्यावेत.

आउटर हँडलला इन्सुलेशन टेपने तीन जागी बांधा. मग हँडल टेप खालच्या टोकापासून सुरू करा. टेपची अर्धी रुंदी टोकाबाहेर ठेवा, ती शेवटी हँडलच्या टोकाचं बूच आत दाबतं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक तृतीयांश चढवा. खालच्या वळणावर टेप वरून बाहेरच्या बाजूला जायला हवी, कारण हात दाबताना तिकडेच पिळतो आणि टेप सैल न होता घट्ट होते. बूच बसवल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका : उघडी नळी पडल्यावर पोटात घुसू शकते.

प्रश्न : हँडल किती रुंद घ्यावं?

उत्तर : दोन्ही खांद्यांच्या वरच्या हाडांच्या टोकांमधलं अंतर मोजा, तेवढंच. ४०, ४२, ४४ सेंमी ही मापं सहज मिळतात. काही कंपन्या नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही बाहेरच्या कडेपासून. या दोन पद्धतींत जवळजवळ अडीच सेंमीचा फरक पडतो, म्हणून घेण्याआधी विचारून घ्या.